मलमाची ट्यूब आणि किडनीची फाईल

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात असं: नवऱ्याचं वय ३६. दोन वर्षांपूर्वी किडनी बदलली, ती सासूबाईंनी दिली. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन या गोळ्या तो घड्याळ लावून घेतो. गेल्या पावसाळ्यात जांघेत नायटा उठला. मेडिकलवाल्यानं मलम दिलं. लावलं की चार दिवसांत खाज जाते, बंद केलं की दुपटीनं परत येते. आता मांड्या, कंबर, पोट सगळीकडे पसरलंय. तो बाहेरच्या खोलीत झोपतो. किडनीच्या डॉक्टरांना यातलं काही सांगायचं नाही, अशी त्यानं बायकोला शपथ घातली आहे. मेडिकलवाल्यानं आता इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल दिल्यात, त्या सोमवारपासून सुरू करायच्या बेतात आहे. सासूबाई म्हणतात, अंगात ताकद नाही म्हणून होतंय, गुळवेलीचा काढा सुरू कर. एका नातेवाइकानं तर किडनीच्या गोळ्या थोड्या कमी करायला सुचवलं. “शपथ मोडून डॉक्टरांना सांगू का? ताकद वाढवायला काय देऊ? कोविडच्या वेळची काळी बुरशी हीच का?” आणि शेवटी एक ओळ: “माझ्याही कमरेवर एक गोल आलाय, पण ते राहू दे.”

ताई,

कॅप्सूलबद्दलचं उत्तर तुम्हाला पत्र मिळाल्याच्या दिवशीच कळवलं होतं, कारण सदर छापून यायची वाट बघणं परवडणारं नव्हतं. तरी इथे पुन्हा लिहिते. तुमच्यासारख्या घरांत त्याच कॅप्सूल कपाटात पडलेल्या असणार.

इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं चांगलं औषध आहे, दोष औषधाचा नाही. अडचण अशी की टॅक्रोलिमसचा निचरा करणारं यकृतातलं जे विकर (एन्झाइम) असतं, त्यालाच इट्राकोनाझोल अडवतं. रोजचीच गोळी रोजच्याच वेळी घेतली तरी रक्तातलं टॅक्रोलिमसचं प्रमाण चढत जातं. हात थरथरायला लागतात, आणि ते प्रमाण चढलेलंच राहिलं तर जी किडनी वाचवण्यासाठी ही गोळी आहे तिलाच इजा होते, रक्त तपासणीत किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढतं. फ्लुकोनाझोल, केटोकोनाझोलच्या गोळ्या, व्होरिकोनाझोल ही त्याच घरातली भावंडं. प्रत्यारोपणाच्या रुग्णांना ही औषधं देतच नाहीत असं नाही, देतात. पण देताना टॅक्रोलिमसची मात्रा आधी उतरवतात आणि रक्तातलं प्रमाण पुन्हा पुन्हा तपासतात. आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. बुरशीची कॅप्सूल संपली की गाडी उलट्या दिशेनं जाते. अडवलेला निचरा काही दिवसांत मोकळा होतो, टॅक्रोलिमस घसरतं, आणि त्या वेळी मात्रा पुन्हा वाढवली नाही तर शरीर किडनी नाकारायला लागू शकतं. म्हणजे ही कॅप्सूल आपल्या मनानं सुरू करणं धोक्याचं, आणि कुणी सुरू केलीच असेल तर गुपचूप बंद करणंही धोक्याचं. असे वाचक असतील तर त्यांनी आजच प्रत्यारोपण केंद्राला फोन करावा. पुढची कॅप्सूल घ्यायची की नाही, हेही तिथेच विचारावं.

आता ते मलम. नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पण चार दिवसांत खाज गायब, बंद केलं की दुप्पट, एवढ्यावरून ट्यूबमध्ये काय असेल याचा अंदाज येतो. ट्यूब हातात घ्या आणि बारीक अक्षरात छापलेली घटकांची नावं वाचा. शेवटी ‘कोनाझोल’ असेल तर ते बुरशीचं औषध. टर्बिनाफिन, अमोरोल्फिन, सायक्लोपिरॉक्स हीही बुरशीचीच. पण बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. आपल्याकडे सर्रास विकल्या जाणाऱ्या मलमांत क्लोबेटासोल, एखादं जंतुनाशक आणि एखादं बुरशीनाशक अशी खिचडी असते. स्टेरॉइड लालसरपणा आणि खाज दडपतं, म्हणून बरं वाटतं. बुरशी मात्र त्याच्याखाली निवांत वाढते. कड पुसट होते, गोल गोल राहत नाही, आणि पुढे एखाद्या डॉक्टरलाही तो चटकन ओळखू येत नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं स्टेरॉइड असलेली १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. प्रत्यक्षात काउंटरवर काय चालतं ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

त्यातून जागा जांघेची. १९६७ साली मोजून पाहिलं गेलं होतं की हाताच्या कोपराखालच्या त्वचेपेक्षा अंडकोशाची त्वचा हायड्रोकॉर्टिसोन सुमारे ४२ पट शोषते. किडनीच्या डॉक्टरांनी तुमच्या नवऱ्याला स्टेरॉइडची गोळी (ते प्रेडनिसोलोन) मिलिग्रॅमच्या हिशोबात दिली आहे, आणि इकडे ट्यूबमधून बिनहिशोबी चाललं आहे. मांडीच्या आतल्या बाजूला जांभळट, रुंद चरे पडले आहेत का, ते उजेडात पाहा. ते पडले की पूर्ण जात नाहीत. मलम सोडल्यावर सुरुवातीचे काही दिवस खाज आणि लाली भडकेल, हे त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो तिसऱ्या रात्री पुन्हा ट्यूबकडे वळेल. म्हणूनच ते आपल्या आपण थांबवून वाट बघत बसण्यापेक्षा त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या.

तुमच्या पत्रात ‘ताकद’ हा शब्द पाच-सहा ठिकाणी आला आहे. सासूबाईंची काळजी मला समजते, पण त्यामागचा समज तपासून बघू या. तुमच्या नवऱ्याची प्रतिकारशक्ती आजारपणानं किंवा खाण्यापिण्यानं कमी झालेली नाही. डॉक्टरांनी ती मुद्दाम, ठरवून, औषध देऊन कमी ठेवली आहे. रक्तातल्या ज्या टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) नायट्याच्या बुरशीला आवर घालतात, त्याच टी-पेशी सासूबाईंच्या किडनीला परकी समजून तिच्यावर चालून जातात. राखणदाराला आपणच डोळे मिटायला सांगितलं आहे, तर चोरटे शिरणारच. म्हणून राखणदाराला काढा पाजून खडबडून जागं करायचं का? सगळ्यात आधी तो किडनीवरच काठी उगारेल.

गुळवेलीबद्दल वेगळं सांगायला हवं. कोविडच्या काळात घरोघरी काढे झाले. २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. शरीराची प्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उठावी, तशा धर्तीची ती इजा होती. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, हेही सांगते. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ. किडनी बदललेल्या माणसाला मात्र ज्या गोष्टीचा गुणच ‘प्रतिकारशक्ती वाढवणं’ असा सांगितला जातो, ती द्यायची नाही, याला वाद लागत नाही. आणि गोळ्या कमी करायला सांगणाऱ्या त्या पाहुण्यांना चहा द्या, सल्ला घेऊ नका. नायट्यानं माणूस हैराण होतो. गोळ्या मनानं कमी केल्या तर तो डायलिसिसवर परत जाऊ शकतो.

सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका. सुनेच्या तोंडून ते ‘माझा काढा नको म्हणते’ एवढंच ऐकू जाईल. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोर त्यांनाच विचारू द्या, “गुळवेल दिली तर चालेल का?” किडनी त्यांची आहे, त्यामुळे त्यांचा प्रश्न डॉक्टर नीट ऐकतील, आणि उत्तर त्याही नीट ऐकतील.

काळी बुरशी म्हणजे म्युकर. २०२१ मध्ये आपण सगळ्यांनीच तिची दहशत अनुभवली, त्यामुळे तुमची भीती स्वाभाविक आहे. पण ती बुरशी निराळी. नायट्याची बुरशी त्वचेचा वरचा मेलेला थर, केस आणि नखं यांवर जगते. नायट्याचं पुढे म्युकर होत नाही. तरी ज्यांची प्रतिकारशक्ती दबलेली आहे, त्यांच्यात ही साधी बुरशीही कधी केसांच्या मुळांतून खोल उतरते आणि घट्ट, दुखऱ्या गाठी येतात. शिवाय बाहेरच्या मातीतल्या, काट्याकुट्यांतल्या, पक्ष्यांच्या विष्ठेतल्या बुरशींना अशा शरीरात वाट मिळते. त्यामुळे काही गोष्टी दिसल्या तर त्वचेच्या डॉक्टरांची तारीख धरून बसायचं नाही, त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्र गाठायचं: त्वचेवर काळा पडत चाललेला, दुखरा चट्टा; चेहऱ्याची एक बाजू सुजणं; ताप आणि सोबत अंगावर नवीन पुरळ; मधे खड्डा असलेल्या, मोत्यासारख्या पुळ्या. पायाला किंवा गुडघ्याला न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ मात्र लोक वर्षभर अंगावर काढतात. कधीतरी शेतात काटा मोडलेला असतो आणि तो आठवतही नाही. अशा गाठीचा तुकडा तपासायला काढणार असतील तर एवढंच विचारा, “कल्चरसाठी वेगळा तुकडा पाठवताय ना?” सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर त्यातली बुरशी मरते आणि मग ती वाढवून ओळखता येत नाही. कल्चरचा भाग सलाइनमध्ये जायला हवा.

तुमच्या नवऱ्याच्या बाबतीत, तुम्ही केलेल्या वर्णनावरून, हा पसरलेला नायटाच वाटतो. पण वाटणं वेगळं आणि पाहणं वेगळं. पाहायची तपासणी साधी आहे. बोथट पात्यानं गोलाच्या कडेवरचा कोंडा काचपट्टीवर खरवडून घेतात. कडेवरचाच, कारण बुरशी तिथे जिवंत असते, मधला भाग ती खाऊन पुढे गेलेली असते. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, दहा-वीस मिनिटं थांबतात. कोंड्याच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले बारीक धागे दिसतात. दुखत नाही, भूल लागत नाही. जाताना त्या दिवशी मलम किंवा पावडर लावून जाऊ नका.

ही तपासणी आणि गरज पडली तर कल्चर करण्याला आपल्याकडे आणखी एक कारण आहे. गेल्या काही वर्षांत भारतात हट्टी नायट्याची जी लाट आली आहे, तिच्यामागच्या बुरशीला २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं. जपानमधल्या संशोधकांनी भारतातून आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांमध्ये ती वेगळी ओळखली. तिचे अनेक वाण टर्बिनाफिनला दाद देत नाहीत. योगायोग असा की टर्बिनाफिनची गोळी टॅक्रोलिमसच्या फारशी आड येत नाही, म्हणून प्रत्यारोपणाच्या रुग्णाला ती सोयीची वाटते. पण बुरशी हट्टी असेल तर उपयोग नाही, आणि किडनीचं काम निम्म्याच्या आसपास उतरलेलं असेल तर ती देतही नाहीत. इट्राकोनाझोल लागू पडेल, पण वर सांगितलेला सगळा जमाखर्च सांभाळावा लागतो. शिवाय पित्ताची गोळी चालू असेल तर ही कॅप्सूल पोटात नीट शोषली जात नाही, आणि किडनी बदललेल्या कितीतरी जणांना पँटोप्रॅझोल चालू असतं. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही तिचं जमत नाही, हृदय कमजोर असेल तर ती देत नाहीत. काउंटरपलीकडच्या माणसाकडे यातली कुठलीच माहिती नसते.

माझ्या मते तुमच्या घरातला खरा घोळ इथे आहे. किडनीच्या डॉक्टरांना त्वचेचं माहीत नाही, आणि उद्या तो त्वचेच्या डॉक्टरांकडे गेला तर धडधाकट दिसणारा छत्तीस वर्षांचा माणूस बघून किडनीचं त्यांच्या लक्षात येणार नाही. तिथे खुर्चीत बसताच पहिलं वाक्य ‘खाज येते’ नव्हे, ‘माझी किडनी बदललेली आहे’ हे हवं. सोबत ट्यूब, कॅप्सूलचं पाकीट आणि चालू गोळ्यांची यादी न्यायची. दोन्हीकडे एकच फाईल न्या. एका डॉक्टरांनी लिहिलेलं औषध दुसऱ्यांना दाखवल्याशिवाय सुरू करायचं नाही.

आता शपथ. तुम्ही विचारता, नवऱ्याच्या पाठीमागे डॉक्टरांना सांगू का. माझं उत्तर: पाठीमागे नको, पण गप्पही बसू नका. त्याला सरळ सांगा की पुढच्या तपासणीला मी येणार आहे, आणि खोलीत गेल्यावर तू बोलला नाहीस तर मी बोलेन. हा दगाफटका नाही, आगाऊ सूचना आहे. त्यानं त्याआधी कॅप्सूल सुरू केल्याचं कळलं, तर मात्र तपासणीची वाट पाहू नका. त्याला सांगून, त्याच्यासमोर फोन लावा.

तो का लपवतोय याचाही विचार करा. मला वाटतं जागेची लाज हे निम्मंच कारण आहे. आईनं किडनी दिली, घरानं कर्ज काढलं असेल, दोन वर्षं सगळे त्याच्या रिपोर्टकडे डोळे लावून बसलेत. अशा माणसाला ‘आता हे आणखी एक’ म्हणणं जड जातं. आपण किडनी नीट सांभाळली नाही असा ठपका येईल, अशी धास्ती त्याला असावी. त्याला सांगा की किडनीच्या ओपीडीत रांगेत बसलेल्यांपैकी कितीतरी जणांना नायटा, शिबं, चिखल्या, नखं खराब होणं यांतलं काहीतरी असतंच. डॉक्टरांनी आजवर विचारलं नाही, कारण टेबलापलीकडून ते क्रिएटिनिन बघतात, जांघ बघत नाहीत. तोंडानं सांगणं अवघड जात असेल तर दिवसाच्या उजेडात मोबाईलवर फोटो काढून द्या. आणि नायटा हा गुप्तरोग नव्हे. अंगाला अंग लागून, टॉवेल-कपड्यांतून पसरतो, एवढंच. सासूबाईंनी “गणपतीत माहेरी जाऊन आली आणि घेऊन आली” असं म्हटल्याचं तुम्ही लिहिलं आहे. पसरण्याचा क्रम पाहता तो तुमच्याकडे त्याच्याकडून आला असण्याचीच शक्यता जास्त. पण हे सासूबाईंना ऐकवायला जाऊ नका, काही साधणार नाही.

औषध कोणतंही ठरो, घरातलं काम तुम्हालाच करावं लागेल. पहिल्यांदा त्याच्या कमरेचा करदोटा बघा. बाळपणापासूनचा काळा गोफ असेल, दिवसभर घामानं ओला, आंघोळीनंतरही ओला, आणि नायट्याचा पट्टा बरोबर त्याच्याखाली. तो काढलाच पाहिजे. सासूबाईंचा विरोध झाला तर बरं होईपर्यंत देवघरात ठेवू द्या. मनगटावरचे दोरे, गंडे यांचंही तेच. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. त्याचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुऊन, उलटे करून उन्हात. पावसाळ्यात ऊन नसतं आणि कपडे घरातल्या दोरीवर दमट राहतात, तेव्हा अंतर्वस्त्रांच्या शिवणीवरून कडक इस्त्री फिरवा. घट्ट जीन्स काही महिने कपाटात. पायाच्या बोटांमधल्या बेचक्या आणि नखं तपासा, कारण जांघेतला नायटा पुष्कळदा पायावरूनच वर येतो. पायात काही सापडलं तर कपडे घालताना आधी मोजे आणि मग चड्डी, असा उलटा क्रम ठेवा. हसू येईल, पण बुरशी पायावरून वर नेण्याचं काम चड्डीच करते. नख मुळाकडून पांढरं पडत असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलम लावायचं ते गोलाच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, बाहेरून आत. गोल दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे. सर्वसाधारण माणसाला चार-सहा आठवडे लागतात, तुमच्या नवऱ्याला त्याहून जास्त लागतील असं धरून चाला. टाकळ्याचा पाला, लसूण, चुना यांतलं काही चोळू नका. लसणानं आणि चुन्यानं त्वचा भाजते, आणि भाजलेल्या जागेतून जंतू शिरतात. अशा शरीराला ते परवडत नाही.

हेच, थोड्याफार फरकानं, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा बरेच महिने स्टेरॉइड घेणाऱ्यांना, एचआयव्हीच्या रुग्णांना, मधुमेह्यांना लागू आहे. मधुमेहात ‘ग्लिफ्लोझिन’ गटाची गोळी सुरू केल्यावर लघवीच्या जागी खाज, पांढरा थर आला तर तो गोळीमुळे लघवीतून जाणाऱ्या साखरेचा परिणाम असू शकतो. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. केमोथेरपी चालू असताना पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतील आणि नखाच्या कडेला सूज, पू, ठणका लागला, तर ते ‘नखुरडं’ म्हणून हळद लावून सोडू नका. त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा.

आणि ताई, तुमच्या कमरेवरचा तो गोल. ‘ते राहू दे’ असं तुम्ही लिहिलंत. नाही राहू द्यायचं. तुम्हाला राहिला तर बरा झालेला नवरा तुमच्याकडून पुन्हा घेईल, म्हणून एकाच वेळी सगळ्यांचे उपचार. पण फक्त त्याच्यासाठी नव्हे, खाज तुम्हालाही येतेच ना? त्याच्याबरोबर त्याच दिवशी तुमचाही केसपेपर काढा. दिवस गेले असतील किंवा तशी शक्यता असेल, अंगावर पाजत असाल, तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्यावर तुमचं औषध बदलतं. घरात लहान मूल असेल आणि त्याच्याही अंगावर काही दिसत असेल, तर त्यालाही दाखवून आणा. तोवर ती ट्यूब कुणालाच लावू नका.